गाव कोणतं?



कॉलेजं उघडली की वर्गावर्गांत एक खेळ सुरू होतो. त्याचं नाव 'ओळख'. पोरगं उभं राहतं. नाव सांगतं, आडनाव सांगतं, गाव सांगतं, शेवटी छंद सांगतं आणि खाली बसतं. सगळ्या बाकांवरून हा फेरा एकदा फिरला की सर म्हणतात, चला, आता आपण सगळे एक कुटुंब झालो.

मला या कुटुंबाबद्दल लिहायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत चाचपडत बसायला नको. या देशात ओळख करून देणं आणि जात सांगणं या दोन गोष्टी अजून एकमेकींपासून सुटलेल्या नाहीत. 'गाव कोणतं' हा प्रश्न साधा आहे, पण ज्याचं घर वेशीच्या आत आहे त्याच्यापुरता. आपल्याला तो प्रश्न विचारला जातो तेव्हा तो पंचनामा असतो. आणि पंचनाम्यात फक्त मेलेल्याचीच माहिती लिहायची, मारणाऱ्याची कोरी सोडायची, हे आता बंद झालं पाहिजे.

प्रश्न कसा चालतो ते नीट बघा. पहिली पायरी नाव. नावावरून अलीकडे काही कळत नाही. आमच्यातही आर्यन आहेत, त्यांच्यातही सिद्धार्थ आहेत. म्हणून दुसरी पायरी आडनाव. जोशी, कुलकर्णी असलं की इथंच थांबतात, पुढं विचारायची गरजच उरत नाही. पण गायकवाड, जाधव, पवार, शिंदे, मोरे, साळवे असलं की गडबड होते. ही आडनावं वेशीच्या आतही आहेत आणि बाहेरही. मग तिसरी पायरी येते, गाव. आणि गावानेही भागलं नाही तर चौथी. चौथी पायरी विचारताना आवाज जरा गोड होतो. "गावात कुठं हो तुमचं घर? मारुतीच्या देवळापाशी का?"

ही चौथी पायरी जोश्याच्या पोराला आयुष्यात कुणी विचारत नाही. आपल्याला ती कॉलेजात विचारतात, भाड्याची खोली बघायला गेलो की विचारतात, नोकरीच्या मुलाखतीत चहा देता देता विचारतात. विचारणारा प्रत्येक जण वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्या बापाने विचारलं, आजाने विचारलं, म्हणून तोही विचारतो. समोरच्याला कुठल्या खणात टाकायचं हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही, इतकंच. पण त्याच्या चैनीपायी आपल्या पोरांची झोप उडते, त्याचं काय?

आता माझी ओळख. मी चोवीस वर्षांचा आहे. मॅट्रिक झालोय. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. बोट लागली की पोलादाची भेंडोळी उतरवायला खाली जातो. आम्ही त्यांना कॉईल म्हणतो. वायरचे दोर आवळायचे, लाकडाची ठोकळी सारायची, क्रेनवाल्याला हाताने खूण करायची आणि बाजूला पळायचं. पळायला उशीर झाला तर पुढची ओळख वर्तमानपत्रात 'एक कामगार ठार' अशी छापून येते. तिथं गावही विचारत नाहीत. कविता करतो. आणि यंदा रात्रीच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलंय.

आमच्या वर्गात कुरिअरवाले आहेत, मॉलमध्ये दिवसभर उभी राहणारी पोरी-पोरं आहेत, एक रिक्षावाला आहे, एक बाई दोन मुलांना सासूकडे ठेवून येतात. सगळे दमलेले. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी ओळखीचा फेरा लावला. कुरिअरवाला म्हणाला, पाटील, कराड. सर म्हणाले, वा, आमच्या बाजूचे! माझी पाळी आली. मी आडनाव सांगितलं, म्हणालो, तालुका माण, जिल्हा सातारा. सर खूश झाले. माणमध्ये कुठलं गाव? सांगितलं. अरे, मग तिथल्या अमक्यांच्या भावकीतले का? म्हटलं, नाही. मग कुठल्या आळीतले?

मी म्हटलं, "आळीतले नाही सर. ओढ्यापलीकडचे."

वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सर भले माणूस. घाईघाईने म्हणाले, "बरं, बरं. आता तसं काही राहिलेलं नाही. छंद काय?" म्हटलं, कविता. ते म्हणाले, "वा! दलित कविता?"

बघा गंमत. तसं काही राहिलेलं नाही, पण कविता मात्र दलित. पाटलाला क्रिकेटचा छंद होता. ते मराठा क्रिकेट आहे का, असं सरांनी विचारलं नाही.

तर माझं गाव. नाव छापत नाही, कारण माणमधल्या आणि माणबाहेरच्या कुठल्याही गावाचं नाव तिथं घातलं तरी चालेल. माणदेश म्हणजे पावसाने वाळीत टाकलेला मुलूख. माणगंगा नावाची नदी आहे, बहुतेक वर्ष वाळूचीच असते. बाजरी, मेंढरं, उन्हाळ्यात टँकर. वरच्या आळीतली पोरं गलाईच्या धंद्याला देशभर पांगली, कुणी फौजेत गेले. आमची मुंबईला आली. म्हणजे गाव सगळ्यांनीच सोडलं. पण ते सोडून गेले ते सुट्टीला घरी येतात. आम्ही येतो ते वस्तीत येतो. दोघांची एसटी एकच, थांबा एकच, उतरल्यावर पायवाटा दोन.

ओढ्यापलीकडे आता पक्की घरं आहेत. नळ आहे. विहार आहे. विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची यादी तेलरंगाने लिहिलीय. नावापुढं रक्कम, रकमेपुढं ठिकाण. ठिकाण म्हणजे गोदी, रेल्वे, मिल, बेस्ट, महापालिका. माझ्या आजाचं नाव तिथं पाचशे एक रुपयांवर आहे. त्या भिंतीवर आमच्या वस्तीचा सगळा इतिहास आहे. ज्या गावाने भाकरी दिली नाही, त्या गावात मुंबईच्या घामाने बुद्ध बसवलाय. आणि स्मशानं अजून दोन आहेत. माणूस मेल्यावरही त्याला गाव कोणतं ते विचारतातच.

पणजा येसकर होता. गावकीची येसकर-पाळी घरात फिरायची. सांगावा पोचवायचा, मयताची खबर द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, वेशीवर बसून राहायचं, आणि त्या बदल्यात संध्याकाळी दारोदार शिळं मागायचं. बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली मांडलं. वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्याने. मधली तीस वर्षं हिशेबात धरा. एक आख्खी पिढी त्या तीस वर्षांत शिळ्या तुकड्यांवर म्हातारी झाली.

आजा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला, आणि खडी फोडून हात फुटले तेव्हा तिथूनच मुंबईला आला. आधी बदली, मग गोदी कामगार मंडळाचं कार्ड. हे कार्ड म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना सांगायला पाहिजे. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंदणी सुरू झाली. त्याआधी मुकादम गेटवर बोट दाखवील त्याला काम. ज्याची जात मुकादमाच्या नाकाला आवडली नाही, तो परत. कार्डावर नंबर आला आणि पाळी नंबरने लागायला लागली. येसकर-पाळीतून सुटून आजा गोदीच्या पाळीत आला. पाळी हा शब्द तोच राहिला. पण या पाळीला पगार होता, बोनस होता, आणि संध्याकाळी कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

म्हणून कुणी मला गाव विचारलं की माझ्या तोंडात आधी गोदी येते. माझं गाव दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक त्याच्यामागून बांधलेला, अलेक्झांड्रा डॉक १९१४ चा, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकिन नावाची बोट फुटली. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता. शेकड्यांनी माणसं मेली, लांबलांब लोखंडाचे तुकडे उडाले. आमच्या गोदीच्या घरांत १४ एप्रिलला दोन गोष्टी आठवतात, एक जन्म आणि एक स्फोट. असं गाव दुसऱ्या कुणाचं आहे?

पण या गावालाही आता वेस उरली नाही. १९८९ ला न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, पेट्या तिकडं गेल्या. १९९४ ला गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. जुने डॉक भरून टाकले. आजाचं कार्ड गेलं, बाप ठेक्यावर लागला, मीही ठेक्यावर. नंबरची पाळी गेली आणि गेटवरचं बोट परत आलं. ठेकेदाराच्या माणसाने पहिल्या दिवशी मला काय विचारलं असेल? बरोबर. गाव कोणतं.

आता सरकारकडे वळतो, कारण तेही हाच प्रश्न विचारतं.

कॉलेजात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर जातीचा दाखला पाहिजे. दाखल्याला पुरावा पाहिजे. अनुसूचित जातीच्या माणसाचं कुटुंब १० ऑगस्ट १९५० च्या आधी या राज्यात कुठं राहत होतं, ते दाखवायचं. ही तारीख का, तर त्या दिवशी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या पोराला पणजाच्या गावाला जाऊन उभं राहावं लागतं. शाळेचं जुनं रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. पिवळं पडलेलं पान, त्यावर मोडीतली नाहीतर बाळबोध चार अक्षरं, आणि पुढं जात. ज्या गावाने पणजाला माणूस म्हणून मोजलं नाही, त्याच गावाच्या वहीत त्याची जात मात्र जपून ठेवलेली असते. क्लार्क वही उघडायला दोन चकरा मारायला लावतो, तेव्हा आपला पोरगा चावडीच्या पायरीवर बसून राहतो. त्याच पायरीखाली पणजा बसायचा.

तरीसुद्धा मी म्हणतो, कागदावरचा प्रश्न आणि वर्गातला प्रश्न एक नाहीत. यात गोंधळ करू नका. आपले काही शिकलेले मित्र गोंधळ करतात आणि समोरच्याच्या हातात कोलीत देतात. "तुम्हीच दाखल्यावर जात लिहिता, मग आम्ही विचारली तर का चिडता?" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. त्याला उत्तर आहे. कागद जात विचारतो ते देणं चुकतं करायला. वर्ग जात विचारतो ते जागा दाखवायला. डॉक्टर रोग विचारतो आणि शेजारीण रोग विचारते, दोघींत जेवढा फरक, तेवढा इथं आहे. हजारो वर्षांच्या हिशेबाची वही तुम्ही ठेवली, आम्ही नाही. आता त्या वहीवरून वसुली निघाली तर वही कशाला ठेवली म्हणून आमच्यावरच ओरडता?

आणि कागदाचं गुपित कागदावर राहत नाही. कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागते, शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांनी कार्यालयात भेटावं. खाली नावांची यादी. शिपाई वर्गात येऊन ओरडतो, जीओआयवाले कोण आहेत? जीओआय म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडिया. भारत सरकारचं नाव घेतलं की पोरांनी माना खाली घालाव्यात, अशी ही या प्रजासत्ताकातली एकच जागा असेल.

मग आपली पोरं काय करतात? तीन तऱ्हा मी बघितल्या.

पहिली तऱ्हा, लपवणं. आडनाव गिळायचं, गावाचं नाव सांगायचं पण आळी गाळायची, बाबांचा फोटो घरी ठेवायचा आणि मोबाईलवर डोंगराचा लावायचा. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. इतकी वर्षं झाली, पण जात चोरायची पाळी अजून संपली नाही. फक्त आता चोरी पकडली गेली की मारत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून काढून टाकतात. खोलीमालक अचानक म्हणतो, पुतण्या येणार आहे, खोली रिकामी करा. लपवणाऱ्या पोराला आपल्यातलेच काही जण गद्दार म्हणतात. मी म्हणणार नाही. परगावी एकट्या राहणाऱ्या पोरीने मेसवाल्या बाईला आडनाव अर्धं सांगितलं, तर तिला शिकवायला जाणारे आपण कोण? तिच्या जेवणाची सोय आधी करा, मग बाणा शिकवा. भित्रेपणाचा दोष ज्याला भ्यावं लागतं त्याला चिकटवायचा आणि भिववणाऱ्याला मोकळा सोडायचा, हा धंदा प्रस्थापितांचा. आपण तो करू नये.

दुसरी तऱ्हा, "मी मुंबईचा". गाव नाहीच म्हणायचं. मला ही तऱ्हा आवडते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत उभं राहून गावाबद्दल सांगितलं होतं. बाकीचे खेड्याच्या आरत्या ओवाळत होते, तेव्हा या माणसाने सांगितलं की हे तुमचं खेडं म्हणजे अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं डबकं आहे, राज्यघटनेचा पाया गावाऐवजी व्यक्ती आहे हे बरं झालं. तेव्हा गाव नाकारणं हा आपला हक्क आहे. पण या तऱ्हेत एक खोच आहे. मुंबईचा म्हटलं की लगेच विचारतात, मुंबईत कुठं? आणि वडाळ्याची अमकी वस्ती म्हटलं की त्याच्या डोळ्यांत तोच ओढा वाहायला लागतो. मुंबईने वेस पाडली नाही, तिचे तुकडे करून वॉर्डावॉर्डांत वाटले.

तिसरी तऱ्हा, छाती काढून सांगणं. जयभीम म्हणून उभं राहायचं, आहे ते आहे. चळवळीतल्या पोरांना ही सोपी वाटते. मीही हीच धरतो. पण मी का धरू शकतो, तेही सांगतो. मला त्या कॉलेजकडून मोठं काही घ्यायचं नाही. रात्री नऊला वर्ग सुटला की सकाळी गोदी आहेच. माझ्या मागे टोळीतली सात माणसं आहेत. ज्याच्या हातात प्रॅक्टिकलचे मार्क मास्तरच्या मर्जीवर आहेत, ज्याची पीएच.डी. गाइडच्या सहीवर अडलीय, त्याच्या छातीवर माझ्याहून मोठा दगड आहे. प्रा. सुखदेव थोरातांच्या समितीने दिल्लीच्या एम्सचा अहवाल २००७ साली दिला. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी तिथं सांगितलं की परीक्षक सरळ नाहीतर आडून जात विचारतात. तो देशातला सगळ्यात हुशार डॉक्टर घडवणारा कारखाना! तिथं पेशंटच्या आधी विद्यार्थ्याची नाडी बघतात.

आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १७ जानेवारी २०१६, हैदराबाद, रोहित वेमुला. २२ मे २०१९, मुंबई, डॉक्टर पायल तडवी. ही नावं मी भाषणात टाळ्यांसाठी घेत नाही. ही दोघंही कधीतरी पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिली असतील. नाव, गाव, छंद सांगितलं असेल.

आता उपाय काय काय झाले ते बघू. सरकारने काही केलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समानतेचे नियम काढले. वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म, प्रदेश जाहीर करणं, त्याच्यावर 'राखीव'चा शिक्का मारणं, हे त्या नियमांनी भेदभावात धरलं. प्रत्येक संस्थेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमा, असंही सांगितलं. कागद उत्तम. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. २०२३ च्या जुलैत मुंबईच्या आयआयटीने सूचना काढली की एकमेकांना प्रवेशाचा रँक विचारू नका, कोणत्या कोट्यातून आलात ते विचारू नका. चांगलं झालं. पण प्रश्नावर बंदी घातली म्हणून तर्क थांबत नाही. तोंडाने विचारत नाहीत, डोळ्यांनी विचारतात. आडनाव गुगलतात.

आणि आपल्या राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं की वस्त्यांची जातीची नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, सगळीच. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर. मी या निर्णयाच्या बाजूने आहे. शिवी पत्त्यातून गेलीच पाहिजे. आपल्या पोरांच्या दाखल्यावर, आधारकार्डावर ती शिवी छापून येत होती. पण आता कुणी 'भीमनगर' सांगितलं की समोरच्याला काय कळतं? जे महारवाडा म्हटल्यावर कळायचं तेच. पाटी बदलली, रस्ता ओढ्यापाशी येऊन थांबतोच. पालखी अजून आपल्याकडे वळत नाही. नाव बदलायला एक शासननिर्णय पुरतो. रस्ता बदलायला गावाला पिढ्यानपिढ्यांची वाट मोडावी लागते, आणि ती मोडायला कुणी तयार नाही.

"पण मग तुम्हीच जात का उगाळता? तुम्ही बोललाच नाहीत तर ती मरेल." हे आमच्या समाजवादी मित्रांचं आवडतं वाक्य. त्यांना माझं एकच विचारणं आहे. तुम्ही तर कधीच बोलत नाही. तुमच्यात ती मेली का? तुमच्या लग्नपत्रिका बघा. तुमच्या सोसायटीतल्या पाट्या बघा. न बोलता इतकी धडधाकट राहिलेली दुसरी चीज मी बघितली नाही. जात बोलल्याने वाढत नाही. एकालाच बोलायला लावल्याने वाढते.

आणि म्हणून माझं म्हणणं असं आहे. वर्गात ओळखीचा फेरा लागलाच, तर तो पुरा लागला पाहिजे. चौथी पायरी सगळ्यांना विचारा. पाटलाच्या पोरालाही विचारा, गावात कुठं राहता? तुमच्या घरापासून देऊळ किती पावलांवर? गावाची पहिली विहीर कुणाच्या रानात? जमीन किती, ती आली कुठून? ओढ्यापलीकडे कोण राहतं, त्यांच्यातल्या एकाचं तरी पूर्ण नाव माहीत आहे का? त्यांच्या घरी कधी पाणी प्यालात? यातली उत्तरं देताना कुणाचा घसा कोरडा पडतो ते बघू. आपण उभं राहून माना खाली घालायच्या आणि त्यांनी 'कराड' म्हणून खाली बसायचं, हे चालणार नाही. लाज वाटायचीच असेल तर ती ज्याच्या घरची आहे त्याच्या घरी पोचती झाली पाहिजे. येसकराचं कामच होतं ते, सांगावा पोचवायचा. हा शेवटचा सांगावा समजा.

हे फक्त लेखात लिहून होणार नाही, म्हणून चार कामाच्या गोष्टी.

एक. प्रवेश सुरू होतात त्या आठवड्यापासून आपल्या पोरांनी कॉलेजच्या गेटबाहेर टेबल टाकायचं. अर्ज भरून द्यायचे, दाखल्याला काय लागतं ते सांगायचं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला सोबत जायचं. झेंडा मागाहून लावा, आधी पेन आणि झेरॉक्स ठेवा.

दोन. पहिल्या वर्षाच्या पोराला पहिले दोन-तीन महिने एकटं सोडायचं नाही. शहर मोठं, भाषा वेगळी, इंग्रजी पुस्तकाची भिंत, त्यात हा पंचनामा. घरी फोन करून रडता येत नाही, कारण आईने दागिना मोडलेला असतो. असल्या वेळी कॅन्टीनला एक ओळखीचा माणूस भेटला तर माणूस टिकतो. मी भाषण करत नाही, गोदीतलं शास्त्र सांगतो. नवा गडी खाली उतरला की जुना गडी त्याच्या अंगाशी उभा राहतो. क्रेन कुठून येते ते जुन्यालाच ठाऊक असतं.

तीन. कुणाची ओळख त्याच्या परवानगीशिवाय उघडी करायची नाही. "अरे तू तर आपला!" असं चारचौघांत ओरडून मिठी मारणारे आपल्यातही आहेत. प्रेमाने मारली तरी ती मिठी त्याला महाग पडू शकते. त्याला कधी उभं राहायचं ते तो ठरवेल. आपण फक्त तो उभा राहील तेव्हा शेजारी असलं पाहिजे.

चार. शाळेत आपल्याकडून 'माझे गाव' हा निबंध लिहून घेतला. टुमदार गाव, झुळझुळ नदी, पारावर वडीलधारी मंडळी. आपण त्या पारावर कधी बसलो नाही, पण मार्कांसाठी बसवलं स्वतःला. तो निबंध आता परत लिहा. नव्याने कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाने लिहा. ओढ्यापलीकडून गाव कसं दिसतं, ते लिहा. वस्तीतून लिहा, हॉस्टेलातून लिहा, पुलाखालून लिहा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आपलं गाव आपण लिहिलं नाही तर ते त्यांच्या कोतवाल बुकातच राहील, चार अक्षरांत.

बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यावरून आंबडवेकर, पुढं शाळेत आंबेडकर. ज्या रिवाजाने गाव आपल्या गळ्यात बांधलं, त्याच रिवाजातलं हे आडनाव. आज ते नाव ऐकून कुणी विचारत नाही, गावात कुठं घर होतं? त्या नावाने प्रश्नच उलटा फिरवला. त्या माणसाने १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं. गाव सोडून आलेल्या पोरांना उभं राहायला जागा पाहिजे, हे त्याने ओळखलं होतं. तुमच्या जन्माचं गाव तुमच्या हातात नव्हतं. शिकायची जागा हातात आहे. ती जागा गावासारखी होऊ द्यायची की नाही, तेही आपल्याच हातात आहे.

तर यंदा जे कुणी पहिल्यांदा कॉलेजच्या बाकावर बसलेत त्यांना सांगतो. गाव सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर सांगू नका. पण सांगाल तेव्हा खालच्या आवाजात सांगू नका. आणि सांगून झालं की लगेच खाली बसू नका. उभं राहूनच शेजारच्याला विचारा, "तुमचं?"

जय भीम.